मिश्किन यांचे गुन्हेगारीपट : अपराध घडून गेल्यानंतरची रात्र

तमिळ गुन्हेगारीपट म्हटला की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर बहुधा १९८७ सालचा 'नायकन' उभा राहतो आणि ते स्वाभाविक आहे. मुंबईच्या गुन्हेगारी जगतातले वरदराजन मुदलियार यांच्या आयुष्यावरून सुचलेली ती कथा धारावीत घडते, म्हणजे तिची भाषा तमिळ असली तरी माती आपल्या ओळखीची आहे. त्यानंतरच्या काळात 'नायकन'चे दिग्दर्शक मणिरत्नम यांच्याखेरीज वेट्रीमारन या दिग्दर्शकाचे नावही आपल्याकडच्या जाणत्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. मात्र त्याच चेन्नईत गेली वीस वर्षे गुन्ह्याच्या गोष्टी सांगत असलेल्या मिश्किन या दिग्दर्शकाचे नाव महाराष्ट्रात काढले, तर समोरचा माणूस बहुतेक वेळा ते दुसऱ्यांदा उच्चारायला सांगतो. गेल्या काही महिन्यांत मी त्यांचे चार गुन्हेगारीपट क्रमाने, आणि त्यांतले दोन पुन्हा पाहिले. हे परीक्षण त्या पाहण्यातून आलेले आहे. कथांचे शेवट मी उघड करणार नाही. मात्र त्यांच्या गाभ्याविषयी बोलल्याशिवाय या चित्रपटांविषयी काहीच बोलता येत नाही, एवढी सूचना आधीच द्यायला हवी.

प्रथम या नावाविषयी. त्यांचे मूळ नाव षण्मुग राजा. रशियन लेखक दोस्तोयव्हस्कीच्या 'इडियट' या कादंबरीतला प्रिन्स मिश्किन हा इतका निष्पाप आहे की भोवतालच्या जगाला तो वेडाच वाटतो, आणि या दिग्दर्शकाने त्याचे नाव स्वतःला घेतले. एखाद्या नवोदिताने थोर लेखकाच्या पात्राचे नाव धारण करणे हा उसना दिमाख ठरू शकला असता. पण चित्रपट पाहत गेल्यावर कळते की हे नाव त्यांनी कामाची दिशा म्हणून घेतले आहे. अपराध, त्यानंतरची तळमळ, शिक्षा आणि क्षमा ही दोस्तोयव्हस्कीची चौकट त्यांनी चेन्नईच्या रस्त्यांवर, पोलीस लायनीत आणि सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यात आणून मांडली आहे. गुन्हा कसा घडतो यापेक्षा तो घडून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांचे काय होते, याकडे त्यांचे सगळे लक्ष असते. माझ्या मते त्यांच्या चित्रपटांचे सामर्थ्य याच एका गोष्टीत आहे, आणि जिथे ते लक्ष ढळते तिथे त्यांचे चित्रपट कोसळतात.

२००६ सालच्या 'चित्तिरम पेसुदडी' या पहिल्या चित्रपटाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बेकार तरुण घर चालवण्यासाठी गुंडाच्या पदरी राहतो आणि एका मुलीच्या प्रेमात पडतो, हा सांगाडा तमिळ चित्रपटात आधी अनेकदा येऊन गेलेला होता. नरेन आणि भावना यांच्या अभिनयात ताजेपणा आहे आणि गाना उलगनाथन यांनी गायलेले, माशांच्या लग्नाचे वर्णन करणारे गाणे तर तमिळनाडूभर गाजले. गाना हा चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतला गाण्याचा प्रकार आहे, आणि तो प्रत्यक्ष गाणाऱ्या माणसालाच पडद्यावर आणण्याचा निर्णय मला आजही आवडतो. तरीही हा चित्रपट अभ्यास म्हणून पाहावा. मिश्किन यांची खरी ओळख त्यात होत नाही.

ती होते २००८ सालच्या 'अंजादे'मध्ये. या शब्दाचा अर्थ 'भिऊ नकोस' असा आहे. मराठी घरांमध्ये हे शब्द अक्कलकोटच्या स्वामींच्या तसबिरीखाली वाचायची सवय असल्यामुळे असेल, पण चित्रपट सुरू होण्यापूर्वीच मला त्या शीर्षकात एक आश्वासन ऐकू आले, आणि पुढे चित्रपटभर ते आश्वासन कोण कोणाला देऊ शकतो हाच प्रश्न मनात राहिला. पोलीस लायनीत शेजारी राहणारे, पोलिसांच्याच घरात जन्मलेले दोन मित्र. किरुबा फौजदार होण्यासाठी जीव तोडून अभ्यास करतो. सत्या मारामाऱ्या करत, दारू पीत हिंडतो. पुढे चुरशीपोटी सत्याही परीक्षेला बसतो, ओळखीपाळखीच्या बळावर आणि वाकड्या मार्गाने उत्तीर्ण होतो, आणि प्रामाणिक किरुबा मागे राहतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली आहेत, किंवा घरातल्या मुलाला घालवताना पाहिली आहेत, अशा मराठी वाचकाला या प्रसंगातली जखम समजावून सांगावी लागणार नाही.

यापुढे दिग्दर्शक जे करतो ते फार धाडसाचे आहे. अपात्र असताना वर्दी मिळालेला सत्या हळूहळू खरोखरच चांगला अधिकारी होऊ लागतो, आणि पात्र असूनही नाकारला गेलेला किरुबा खंडणीसाठी मुली पळवणाऱ्या टोळीच्या जवळ सरकत जातो. अन्यायाने एकाचे भले झाले आणि दुसऱ्याचे वाटोळे झाले. आता भले झालेल्याने वाटोळे झालेल्याला पकडायचे आहे. येथे कायद्याची बाजू आणि न्यायाची बाजू एक राहत नाहीत आणि प्रेक्षकाला कुठेही निवांत उभे राहता येत नाही. सत्याच्या अंगातली मग्रुरी उतरते ती कोणाच्या उपदेशाने नाही. रक्त आणि मरण पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहावे लागल्याने उतरते. नरेन यांनी हा बदल चेहऱ्यापेक्षा खांद्यांतून दाखवला आहे. सुरुवातीचे ताठ खांदे उत्तरार्धात जड झालेले दिसतात.

टोळीचा म्होरक्या दया ही भूमिका प्रसन्ना यांची आहे. तोवर सज्जन, गोंडस तरुणाच्या भूमिका करणाऱ्या या अभिनेत्याला लांब केस आणि मवाळ आवाज देऊन मिश्किन यांनी असा खलनायक उभा केला आहे की त्याच्या शांतपणाचीच धास्ती वाटते. पांडियराजन हे विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले नट येथे त्याच टोळीत आहेत. पुढे 'युद्धम सेय'मध्ये हळव्या कौटुंबिक चित्रपटांचे दिग्दर्शक चेरन यांना त्यांनी तपास अधिकारी केले आणि रंगभूमीवर व पडद्यावर विनोदासाठी ओळखले जाणारे वाय. जी. महेंद्रन यांना एका उद्ध्वस्त बापाची भूमिका दिली. ओळखीच्या चेहऱ्यावरची ओळख पुसून टाकण्याची ही पद्धत आपल्याला तमिळ प्रेक्षकाइतकी जाणवत नाही, कारण त्या चेहऱ्यांशी आपले पूर्वीचे नाते नसते. हे नुकसान भरून निघण्यासारखे नसले, तरी ते माहीत असलेले बरे.

मिश्किन यांच्या कॅमेऱ्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण तिथेच अनेक प्रेक्षक अडखळतात. महेश मुत्तुस्वामी यांनी चित्रित केलेल्या 'अंजादे'त कॅमेरा कितीतरी वेळा पावलांवर स्थिरावतो. माणसे येतात, थांबतात, वळतात, पळतात, आणि आपल्याला दिसतात केवळ त्यांच्या चपला, बूट, अनवाणी टाचा. प्रथम पाहताना ही लकब वाटते, आणि नंतरच्या काही चित्रपटांत ती खरोखरच लकब झाली आहे. परंतु 'अंजादे'त तिला अर्थ आहे. चेहरा खोटे बोलू शकतो, आणि अपहरण करणाऱ्यांचे चेहरे तर लपवायचेच असतात. उचलायचे की नाही या संभ्रमात असलेले पाऊल मात्र लपत नाही. तसेच लांबवरून, न हलता पाहणाऱ्या चौकटी. मारहाण चालू असताना कॅमेरा जवळ जात नाही, तुकडे करत नाही. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या, मदतीला जाण्याचे धैर्य नसलेल्या माणसासारखा तो पाहत राहतो. अखेरचा पाठलाग उसाच्या फडात घडतो. उसाचा फड आपल्या परिचयाचा आहे, त्यात चार हातांवरचा माणूस दिसत नाही हेही आपण जाणतो, आणि म्हणूनच त्या प्रसंगातली पानांची सळसळ पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाच्या अंगावर जरा जास्तच काटा आणील.

२०११ सालचा 'युद्धम सेय' हा या सर्वांत बांधीव तपासपट आहे. शीर्षकाचा अर्थ 'युद्ध कर', आणि गीता ऐकत वाढलेल्या कानाला त्यातला 'युध्यस्व' लगेच ओळखू येतो. शहरातल्या सार्वजनिक जागी खोक्यांमध्ये माणसांचे तोडलेले हात सापडू लागतात आणि तपास सीबी-सीआयडी या तमिळनाडू पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण शाखेतल्या जेके या अधिकाऱ्याकडे येतो. जेकेची स्वतःची बहीण बेपत्ता आहे, आणि ज्या यंत्रणेसाठी तो काम करतो तिला त्या प्रकरणात रस नाही. त्यामुळे तो पुरावे गोळा करतो तेव्हा एका हाताने कर्तव्य करत असतो आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे दुःख दाबून धरत असतो. चेरन यांनी ही भूमिका जवळजवळ निर्विकार चेहऱ्याने केली आहे. काही समीक्षकांना तो अभिनय लाकडी वाटू शकेल; मला मात्र घरी रोज संध्याकाळी उत्तर नसलेला तोच प्रश्न ऐकावा लागणाऱ्या माणसाचा चेहरा असाच होत असेल असे वाटले.

या चित्रपटातली पुलावरची मारामारी तमिळ चित्रपटरसिकांमध्ये विख्यात आहे. जेकेच्या हातात शस्त्र म्हणून आहे ते नेलकटरमधले एवढेसे पाते. समोर टोळी आहे, पण अंधाऱ्या पुलावर ती माणसे एकेक करून पुढे येतात, क्षणभर थबकतात आणि मगच वार करतात. जपानी सामुराईपटांचा, विशेषतः कुरोसावांचा, संस्कार येथे स्पष्ट दिसतो आणि तो लपवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. वास्तवाच्या कसोटीवर हा प्रसंग टिकणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही नेलकटर ही वस्तू निवडण्यात जो विचार आहे तो मला मोलाचा वाटतो. हा नायक युद्धाला निघालेला नाही; तो घरातून जसा निघाला तसाच आहे, आणि त्याच्या खिशात जे होते त्यावरच त्याला जगायचे आहे.

उत्तरार्धात डॉक्टर पुरुषोत्तमन आणि त्यांच्या पत्नीची हकिगत उलगडत जाते, तेव्हा चित्रपटाचा सूर पूर्णपणे बदलतो. लक्ष्मी रामकृष्णन यांनी पत्नीच्या भूमिकेसाठी प्रत्यक्ष मुंडण केले होते, आणि तो केशहीन चेहरा पडद्यावर येतो तेव्हा त्यात सुडापेक्षा शोकच अधिक दिसतो. मध्यमवर्गीय, शिकलेले, कायद्याला भिणारे कुटुंब कोणत्या टोकाला ढकलले जाऊ शकते, हे पाहताना मी अस्वस्थ झालो. माझी एक तक्रारही येथेच आहे. बायकांवर होणाऱ्या अत्याचाराविषयीचा इतका गंभीर चित्रपट, आणि त्यातच मध्यंतरापूर्वी एक मादक नाचगाणे घातलेले आहे. 'चित्तिरम पेसुदडी'तल्या आणि 'अंजादे'तल्या अशा गाण्यांना निदान वस्तीचा गंध होता. येथे ते गाणे चित्रपटाच्या आशयाशी सरळ भांडते. वितरकांची मागणी, धंद्याची गरज ही कारणे मला समजतात, पण प्रेक्षक म्हणून मला ते माफ करता आले नाही.

आता २०१३ सालच्या 'ओनायुम आट्टुकुट्टियुम'कडे येतो, म्हणजे 'लांडगा आणि कोकरू'. माझ्या मते ही मिश्किन यांची सर्वश्रेष्ठ कलाकृती आहे, आणि एखाद्याला त्यांचा एकच चित्रपट पाहायचा असेल तर मी निःसंकोच हाच सुचवीन. स्वतःच्या 'लोन वुल्फ' या संस्थेतर्फे त्यांनी तो काढला, त्यात लांडग्याची भूमिका स्वतःच केली, आणि तमिळ व्यावसायिक चित्रपटात जवळजवळ अशक्य मानली जाणारी गोष्ट केली : चित्रपटात एकही गाणे ठेवले नाही.

रात्रीची वेळ आहे. चंद्रू हा वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी घरी जात असताना त्याला रस्त्यावर गोळी लागलेला एक माणूस पडलेला दिसतो. पोलीस केस म्हटल्यावर रुग्णालये त्याला दारातूनच परत पाठवतात. चंद्रू त्याला स्वतःच्या घरी नेतो आणि फोनवरून आपल्या प्राध्यापकांच्या सूचना घेत, जेवढी मिळतील तेवढी साधने वापरून शस्त्रक्रिया करतो. सकाळी उठून पाहतो तर रुग्ण निघून गेलेला असतो, आणि थोड्याच वेळात दारात पोलीस. वाचवलेला माणूस अनेक खून केलेला कुप्रसिद्ध मारेकरी आहे, आणि त्याला जीवदान देणारा विद्यार्थी आता आरोपी आहे. अपघातग्रस्ताला रस्त्यावरून उचलावे की पुढचे झेंगट नको म्हणून निघून जावे, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडलेला नाही? मिश्किन त्या प्रश्नाला हात घालतात आणि मग चंद्रूला, व त्याच्याबरोबर आपल्याला, पुढच्या एका रात्रीत ढकलतात. चित्रपटाचा मोठा भाग त्या एकाच रात्रीत घडतो. पोलीस लांडग्याच्या मागावर आहेत, त्याला जुन्या मालकाची टोळीही शोधते आहे, आणि लांडगा स्वतः एका अंध कुटुंबाला सुरक्षित जागी पोहोचवण्यासाठी धडपडतो आहे. का, ते बराच वेळ सांगितले जात नाही.

ते सांगितले जाते एका दफनभूमीत, आणि गोष्टीच्या रूपात. बरोबरच्या लहान मुलीला गोष्ट हवी आहे. जखमी, धापा टाकणारा मारेकरी तिला एका लांडग्याची गोष्ट सांगू लागतो. लांडगा आणि कोकरू ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. ओढ्याचे पाणी गढूळ केल्याचा खोटा आळ घेऊन लांडगा कोकराला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. या चित्रपटातली गोष्ट त्यानंतर सुरू होते : कोकराला मारल्यावर लांडग्याचे काय झाले? मिश्किन यांचा चेहरा, त्यांचा तुटणारा श्वास, ऐकणारे लेकरू, आणि पलीकडे उभा राहून हळूहळू सत्य उमगत चाललेला चंद्रू. पूर्वदृश्य नाही, रक्ताचा थेंब नाही, नाट्यमय खुलासा नाही. आयुष्यातले सर्वात मोठे पाप माणसाला सरळ शब्दांत उच्चारता येत नाही, म्हणून त्याने प्राण्यांच्या गोष्टीचा आडोसा घेतला आहे, हे आपल्याला हळूहळू कळत जाते. व्यावसायिक अभिनेता नसलेल्या दिग्दर्शकाने केलेला तो अभिनय काही ठिकाणी ओबडधोबड आहे. पण या जागी तो ओबडधोबडपणाच खरा वाटतो.

इळैयराजा यांचे संगीत या चित्रपटाला मिळाले नसते, तर तो उभाच राहिला नसता असे मला वाटते. शब्द फार थोडे आहेत, त्यामुळे व्हायोलिन आणि चेलो यांच्यावर कथनाचा निम्मा भार आहे. मिश्किन यांची हिंसा कोरडी आणि झटपट असते. तिच्यानंतर जी शांतता येते, तीत इळैयराजा यांचे सूर सुरू होतात आणि मेलेल्याविषयीही, मारणाऱ्याविषयीही सारखाच कळवळा व्यक्त करतात. बालाजी रंगा यांच्या छायाचित्रणात रात्रीची चेन्नई दिसते ती पिवळ्या रस्तादिव्यांची, निर्मनुष्य फलाटांची, बंद दुकानांची. पर्यटनाच्या भित्तिपत्रकावरचे शहर येथे कुठेही नाही.

या चित्रपटातही दोष आहेत. पोलिसांच्या डावपेचांमध्ये अनेक ढिले दुवे आहेत, इतक्या मोठ्या फौजफाट्यातून एक जखमी माणूस दरवेळी कसा निसटतो याचे उत्तर मिळत नाही, आणि खलनायक तांबा व त्याची माणसे चितारताना दिग्दर्शकाचा हात अकारण जड झाला आहे. पण या उणिवा मला चित्रपट संपल्यावर आठवल्या, पाहताना नाही.

'तुप्परिवाळन' म्हणजे गुप्तहेर. २०१७ सालच्या या चित्रपटाविषयी थोडक्यात सांगतो. शेरलॉक होम्सच्या धर्तीवर बेतलेल्या या नायकाचे नाव कणियन पूंगुंद्रन असे आहे. हे संघम काळातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्याच्या काळातल्या, त्या कवीचे नाव आहे, ज्याने सर्व गावे आमचीच आणि सर्व माणसे आमची सोयरी असे म्हटले. ज्ञानेश्वरांच्या 'हे विश्वचि माझे घर' या ओवीची ज्याला आठवण आहे त्याला हा कवी परका वाटणार नाही. आपल्या मारल्या गेलेल्या कुत्र्यासाठी न्याय मागायला एक शाळकरी मुलगा गुप्तहेराकडे येतो, ही सुरुवात अतिशय सुंदर आहे. त्यानंतर मात्र कथा हुशारीच्या चमत्कारांत आणि मुख्य भूमिकेतल्या विशाल यांच्या नायकपदाला साजेशा हाणामारीत गुंतते, आणि मागे राहिलेल्यांचे दुःख हा मिश्किन यांचा खरा विषय हातून निसटतो. करमणूक म्हणून तो चांगला आहे.

२०२० सालच्या 'सायको'ने मला अधिक त्रास दिला. कोइमतूरमध्ये एक विकृत माणूस स्त्रियांना पळवून त्यांचा शिरच्छेद करतो आहे. त्याने पळवलेल्या दागिनी या तरुणीला शोधायला अंध वादक गौतम निघतो आणि त्याला साथ मिळते ती मानेखाली निश्चल झालेल्या, व्हीलचेअरला खिळलेल्या कमला दास या माजी पोलीस अधिकारी स्त्रीची. नित्या मेनन यांनी केलेली ही कमला हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश आहे. एकाला दिसत नाही, दुसरीला हलता येत नाही, आणि दोघे मिळून एका तपासाचे डोळे व पाय होतात, ही कल्पना मिश्किन यांच्याच मनातून येऊ शकते.

खुन्याला येथे अंगुलीमालाच्या कथेची सावली दिलेली आहे. बुद्धाच्या करुणेने शस्त्र खाली ठेवणाऱ्या अंगुलीमालाची गोष्ट महाराष्ट्रात घराघरांत आदराने सांगितली जाते, त्यामुळे त्या संदर्भाचे वजन आपल्याला विशेष जाणवते, आणि माझा आक्षेपही तिथेच आहे. त्या कथेत अंगुलीमाल भिक्षू होतो, आणि पुढे लोकांचे दगडधोंडे अंगावर झेलत आपल्या कर्माचे फळ निमूटपणे सोसतो. 'सायको'त खुन्याच्या बालपणीच्या यातना सविस्तर येतात, त्याच्याविषयी कणव मागितली जाते, परंतु ज्या बायकांची धडे रस्त्यांवर टाकली गेली त्यांना नाव, घर, आईबाप यांपैकी जवळजवळ काहीच मिळत नाही. 'ओनायुम'मध्ये लांडग्याला क्षमा मिळो न मिळो, त्याने मारलेल्या मुलाचे घर आपल्यासमोर होते. त्या घरातली माणसे आपल्याबरोबर रात्रभर चालत होती. 'सायको'त ते घरच नाही, आणि म्हणून तिथली करुणा मला फुकटची वाटते. क्रौर्याची दृश्येही आवश्यकतेपेक्षा जास्त आहेत. तेव्हा हा चित्रपट लहान मुलांसमोर मुळीच लावू नये, आणि मोठ्यांनीही मनाची तयारी करूनच पाहावा.

पाहण्याच्या क्रमाविषयी कोणी विचारले, तर माझे उत्तर असे राहील : प्रथम 'ओनायुम आट्टुकुट्टियुम', त्यानंतर 'अंजादे', मग 'युद्धम सेय', आणि एवढे पाहून ओढ निर्माण झालीच तर 'सायको'. हिंदीत डब केलेली आवृत्ती हाती लागली तरी ती टाळून मूळ तमिळ आवाज आणि उपशीर्षके हीच जोडी निवडावी, कारण या चित्रपटांत कुजबुज, दम लागणे आणि बोलता बोलता थांबणे यांना संवादांइतकेच महत्त्व आहे आणि डबिंगमध्ये नेमके तेच पुसले जाते. दफनभूमीतली ती गोष्ट मी दुसऱ्या वेळी उपशीर्षके बंद करून ऐकली. तमिळ मला येत नाही; ओनाय म्हणजे लांडगा आणि आट्टुकुट्टी म्हणजे कोकरू, एवढे दोनच शब्द ओळखीचे झाले होते, आणि तेवढ्यावर मला ती शेवटपर्यंत कळली.